टाकलेले ते कोणाचे?



बाराव्या शतकातील शरणींच्या नामावळीत सत्यक्काचे नाव आपण आदराने घेतो. शिवभक्तांच्या घरापुढील अंगण झाडणे हे तिचे कायक होते. झाडताना वाटेत सोने दिसले, वस्त्र दिसले, तरी त्याला हात लावायचा नाही, असा तिचा नेम होता आणि तो तिने आपल्या वचनात सांगून ठेवला आहे. या वचनाचे निरूपण करताना आपण बहुधा निर्लोभतेविषयी बोलतो आणि तेथेच थांबतो. ते योग्यच आहे. परंतु त्या वचनात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाटेत पडलेली वस्तू म्हणजे बेवारशी वस्तू नव्हे. ती कोणाची तरी आहे. हातातून सुटली एवढ्याने तिचे आणि तिच्या धन्याचे नाते तुटत नाही, हे सत्यक्काला मान्य होते; म्हणून तर तिने हात आखडता घेतला.

आता हाच विचार उलट बाजूने करून पाहा. सोने हरवले तर धनी धावत शोधायला येतो. पण केळीची साल, फुटकी बरणी, औषधाची रिकामी पट्टी, दुधाची पिशवी आपण टाकतो तेव्हा मागे वळूनही पाहत नाही. सोन्याच्या बाबतीत 'माझे' म्हणणारे आपण सालीच्या बाबतीत 'माझे' म्हणत नाही. दोन्ही वस्तू आपल्याच हातातून सुटल्या. मग एक आपली आणि दुसरी नगरपालिकेची, हे कोणत्या न्यायाने? आजच्या निरूपणात एवढाच प्रश्न घेऊन आपण थोडे पुढे जाऊ.

हा प्रश्न आताच का घ्यावा, तर मोठमोठ्या शहरांनी त्याचे एक उत्तर शोधले आहे, आणि ते उत्तर दिसायला फार मोहक आहे. घरोघरचा कचरा गोळा करायचा, भट्टीत जाळायचा, त्या आचेवर पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि वीज काढायची. आपल्यापैकी जे हैदराबादेत आहेत त्यांना जवाहरनगरची भट्टी ठाऊक असेल. शहराचा कचरा वर्षानुवर्षे जेथे पडत होता तेथेच ती २०२० साली सुरू झाली आणि तिची क्षमता १९.८ मेगावॉट सांगण्यात आली. दिल्लीत ओखल्याजवळ सुखदेव विहार वस्तीला लागून अशी भट्टी २०१२ पासून धगधगते आहे. 'कचऱ्यातून कांचन' असे मथळे वर्तमानपत्रांत येतात. घाणही गेली आणि दिवाही लागला! मग टाकलेले कोणाचे, हा प्रश्न विचारायचेच कारण उरत नाही. ते अग्नीचे झाले.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे १८७४ साली कचरा जाळण्याची पहिली मोठी भट्टी उभी राहिली. लंडनच्या शोरडिच भागात १८९७ साली कचऱ्याच्या आचेवर वीज करणारे केंद्र उघडले गेले. त्याच्या भिंतीवर 'धुळीतून प्रकाश आणि शक्ती' अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य कोरले होते. ते आजही तेथे आहे. आत मात्र आता सर्कशीची विद्या शिकवणारी शाळा भरते. त्या लोकांनी केवळ सोयीची गोष्ट केली असती तर भिंतीवर बोधवाक्य कोरले नसते. आपण फेकलेल्या धुळीचे अग्नीने काहीतरी पवित्र करून दिले, असा भाव त्यामागे असावा असे आम्हांस वाटते.

भस्म लावणाऱ्या माणसाला हा भाव परका नाही. अग्नीतून गेलेले ते शुद्ध, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की भट्टीचा धूर दिसला तरी मन म्हणते, चला, जळून गेले, निर्मळ झाले. म्हणून येथे क्षणभर थांबून विभूती कशी होते ते आठवावे. निरोगी गायीचे शेण घेतात, त्याच्या गोवऱ्या थापतात, त्या वाळवून जाळतात, राख गाळून घेतात, तिच्या वड्या करतात. काय जळते आहे हे जाळणाऱ्याला पूर्ण ठाऊक असते. गोवरीत दुसरे काही मिसळू नये याची काळजी अग्नी पेटवण्याच्या आधीपासून घेतलेली असते. म्हणजे विभूतीची शुद्धता नुसत्या अग्नीने दिलेली नाही. अग्नीच्या आधी माणसाने दिलेल्या लक्षाने ती आलेली आहे. अग्नी फक्त शेवटचे काम करतो.

आता शहराच्या भट्टीत काय जाते ते पाहा. गाड्या येतात आणि एका मोठ्या खड्ड्यात रिकाम्या होतात. वरून क्रेनचा पंजा येतो, ढीग उचलतो आणि सरकत्या लोखंडी जाळीवर सोडतो. त्या ढिगात कालचा भात आहे, मुलाचे लंगोट आहे, जुनी चप्पल आहे, विजेऱ्या आहेत, फुटलेला तापमापक आहे, नळाच्या पाइपचा तुकडा आहे. कोणत्या पिशवीत काय होते हे कोणालाही ठाऊक नाही. क्लोरीन असलेले प्लास्टिक जळते आणि धूर निवत जातो, तेव्हा डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. ती होऊ नयेत म्हणून धूर निदान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावा लागतो, नंतर झपाट्याने थंड करावा लागतो, त्यात चुना आणि कोळशाची बारीक भुकटी सोडावी लागते आणि मग तो कापडी गाळण्यांतून काढावा लागतो. हे सारे नीट, रोज, न चुकता केले तर धूर बराच निवळतो, हे मान्य केले पाहिजे. पण धुरातून अडवलेले विष कोठे जाते? ते गाळणीतल्या राखेत उतरते. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू जळून नाहीसे होत नाहीत. शंभर किलो कचऱ्यामागे वीस-पंचवीस किलो राख खाली उरते आणि त्याखेरीज गाळणीतली ही बारीक राख वेगळी. ती कोठे तरी पुरून, झाकून, पिढ्यान्‌पिढ्या राखावी लागते.

विभूतीच्या पाच नावांत 'रक्षा' हे एक नाव आहे. आपला 'राख' हा शब्द त्यातूनच आला. जी आपले रक्षण करते ती रक्षा. भट्टीच्या गाळणीतील राख ही अशी आहे की तिच्यापासूनच लोकांचे रक्षण करावे लागते. दोन्हींत अग्नी तोच, फरक आधीच्या लक्षाचा.

याचा अर्थ भट्टी म्हणजे पाप, असे म्हणून मोकळे होता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. भट्टीच्या बाजूने जे बोलले जाते त्यात वजन आहे आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. भट्टी नसते तेथे कचरा जळत नाही असे नाही; तो उकिरड्यावर आपोआप जळतो, गाळणीवाचून, चिमणीवाचून. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा घेत आले आहे. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि शहराच्या मोठ्या भागाने तो धूर प्याला. दिल्लीत गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर १ सप्टेंबर २०१७ रोजी ढासळला आणि त्यात दोन माणसे दगावली. ओला कचरा दाबून ठेवला की त्यातून मिथेन निघतो, खाली काळे पाणी झिरपते, विहिरी बिघडतात. आपल्या बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. शहराची घाण तुरमुरीला जाते आणि शहर झोपी जाते. ज्यांच्या उशाशी उकिरडा आहे त्यांना 'भट्टी वाईट' हे प्रवचन देणे सोपे आहे. त्यांनी उलट विचारले की 'मग तुमच्या दारात ठेवता का?' तर आपण काय बोलणार आहोत?

तेव्हा प्रश्न भट्टी हवी की नको एवढाच नाही. भट्टी आपल्याला काय शिकवते, ती आपल्या मनाला कोणती सवय लावते, हा खरा प्रश्न आहे. आणि येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दिल्लीतच तिमारपूर येथे १९८७ साली देशातील पहिल्या मोठ्या भट्ट्यांपैकी एक उभी राहिली. यंत्रे डेन्मार्कची, रोज ३०० टन कचरा जाळण्याची व ३.७५ मेगावॉट विजेची योजना. काही आठवड्यांतच ती बंद पडली. कारण काय, तर आपला कचरा जळेना! डेन्मार्कच्या घरातील कचऱ्यात कागद, पुठ्ठा, वेष्टने. आपल्या घरातील कचऱ्यात भाजीची देठे, आंब्याच्या कोयी, चहाचा चोथा, अंगणातील माती. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ओला कचरा आधी स्वतःचे पाणी उडवण्यातच आपली आच संपवतो. आणि जे चांगले जळले असते, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, ते आधीच रद्दीवाल्याने आणि कचरा वेचणाऱ्या बायांनी उचललेले. आपल्या जुन्या काटकसरीने ती भट्टी विझवली असे कोणी म्हटले तर ते फारसे खोटे ठरणार नाही.

आता वाचकांनी पुढची पायरी पाहावी. भट्टी चांगली चालायची असेल तर तिला काय हवे? कोरडा, जळाऊ कचरा हवा. तोच कागद, तेच प्लास्टिक, जे वेचणारीला विकता येते. म्हणजे भट्टीची आणि वेचणारीची भूक एकाच ताटावर आहे. भट्टीला दुसरे काय हवे? रोज ठरलेले टन हवेत. कोट्यवधी रुपये घालून उभारलेले यंत्र उपाशी ठेवून परवडत नाही. म्हणून डेन्मार्क-स्वीडनच्या भट्ट्यांनी इंग्लंडातून जहाजे भरून कचरा आणला. कोपनहेगनला २०१७ साली सुरू झालेली भट्टी इतकी देखणी की तिच्या उतरत्या छपरावर लोक बर्फावरच्या फळ्या पायाला बांधून घसरगुंडी खेळतात. तिच्या आचेने शहरातील घरे उबदार राहतात. तंत्र म्हणून ते कौतुकाचेच. पण २०२० साली त्याच देशाने आपल्या भट्ट्यांची क्षमता कमी करावयाचे ठरवले, कारण वस्तू पुन्हा वापरात आणायच्या असतील तर भट्टीचे पोट लहान असले पाहिजे हे त्यांच्या ध्यानी आले.

येथे आयदक्की लक्कम्मा आठवल्यावाचून राहत नाही. तिचा पती मारय्या कल्याणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणी आणि त्यावर त्या दांपत्याचा दासोह चाले. म्हणजे आपण ज्याला केर म्हणू तेच त्यांचे कायक आणि तोच त्यांचा जंगमसेवेचा शिधा. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मेने ते रांधले नाहीत, परत टाकून यायला सांगितले. रोजच्यापुरते हवे होते, जास्तीचे कशाला? ही कथा आपण दासोहाच्या प्रवचनात शेकडो वेळा ऐकली आहे. पण तिच्यात दोन गोष्टी एकत्र आहेत हे लक्षात घ्या. सांडलेल्या दाण्याला केर न मानणे ही एक. आणि सांडलेले वेचण्याचा धंदा असा वाढू न देणे, की उद्या कोणीतरी जास्त सांडावे अशी इच्छा मनात यावी, ही दुसरी. लक्कम्मेचे घर कोणाच्या सांडण्यावर अवलंबून नव्हते. भट्टीचे घर मात्र आपल्या सांडण्यावर उभे आहे. आपण कमी टाकले तर तिचा हिशेब कोलमडतो. ज्या सोयीला आपल्या दोषाची गरज आहे ती सोय आपला दोष बरा कसा करील?

यावर कोणी म्हणेल, महाराज, शरणांच्या गोष्टी ठीक. पण मग तुम्हांला कचरा वेचणाऱ्या बाईने जन्मभर उकिरड्यावर वाकून राहावे असे वाटते काय? भट्टीने तिची सुटका केली नाही काय? हा आक्षेप खरा आहे आणि आपल्यासारख्या कायकाचा गौरव करणाऱ्यांनी तो स्वतःला आधी विचारला पाहिजे. 'कायक म्हणजेच कैलास' हे सूत्र दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचे नसते. घाणीत हात घालणारीला 'तुझे कायक थोर' असे सांगायचे आणि तिच्या हाताखाली उघडी सुई टाकायची, हा कायकाचा गौरव नव्हे. ती थट्टा आहे. अनुभव मंटपात सत्यक्का इतरांच्या बरोबरीने वचन सांगत होती. झाडणारीला बसायला जागा नव्हती आणि मानाचे फक्त शब्द होते, असे कल्याणात नव्हते.

तिची सुटका व्हायची ती कशी, हे पुण्यात थोडेफार दिसले. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. उकिरड्यावर वाकणारी बाई ओळखपत्र घेऊन दारात आली. ओला वेगळा, सुका वेगळा द्या, असे सांगण्याचा तिला हक्क आला. सगळे सुरळीत झाले असे नाही. पालिकेशी करार पुढे चालू ठेवण्यासाठी तिला वारंवार झगडावे लागले आहे. पण भट्टीत आणि यात फरक आहे. भट्टी म्हणते, मला काहीही द्या, मी बघणार नाही. दारातली बाई म्हणते, दाखवा.

इंदूरच्या वाचकांना हे अधिक उमगेल. त्या शहराने घराघरात कचरा वेगळा करण्याची शिस्त लावली आणि २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवला. तेथे ओला कचरा जाळत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा कुजवून वायू करणारा प्रकल्प तेथे सुरू झाला. त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावतात आणि मागे खत उरते. हासुद्धा कचऱ्यापासून ऊर्जा काढण्याचाच मार्ग. परंतु तो चालतो तो लक्षावधी गृहिणींनी, आणि थोड्याबहुत गृहस्थांनीही, स्वयंपाकघरात दोन डबे ठेवले म्हणून. तेथे एका घराने देठांत काच मिसळली तर खत बिघडते. आपण शरण लोक देह जाळीत नाही, मातीला देतो. मातीतून आलेले मातीत नेऊन ठेवावे, ही रीत आपल्या अंगवळणी आहे. मग भाजीच्या देठाला तरी अग्नीचा हट्ट कशाला?

२०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांतही हेच होते. घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करावा. ज्याचा पुन्हा उपयोग होत नाही आणि ज्याची उष्णता किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक आहे, तोच ऊर्जेसाठी जावा. म्हणजे कायद्यानेही भट्टीला शेवटचे पान वाढले होते. आपण तिला पहिल्या पंक्तीला बसवले. का? कारण वेगळे करायचे म्हणजे पाहावे लागते, आणि आपण काय काय टाकतो ते पाहणे कोणालाच आवडत नाही.

आता थोडे आपल्याच अंगणात येऊ. अष्टावरणात प्रसादाचे स्थान काय आहे हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्या घरातील जुनी माणसे जेवण झाल्यावर ताटात पाणी घालून, बोटांनी ताट धुऊन ते पाणी पीत. लिंगाला अर्पण होऊन आलेले अन्न. त्याचा कण मोरीत जाऊ द्यायचा नाही. नव्या सुनांना ते ओंगळ वाटे, मुले हसत. पण त्या ताटातून बाहेर टाकण्यासारखे काही उरतच नसे, हे कोणी पाहिले? कचरा निर्माण झाल्यावर त्याचे काय करावे हा प्रश्न त्या ताटापुरता पडतच नव्हता.

आणि आज आपल्या जत्रेतला दासोह पाहावा. हजारोंच्या पंक्ती उठतात, ही आनंदाची गोष्ट. पण पंक्तीमागे काय उठते? चकचकीत अस्तर लावलेल्या पत्रावळी, त्यात अर्धा टाकलेला हुग्गीचा घास, पाण्याच्या लहान लहान बाटल्या, द्रोण, चमचे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी जत्रेत ते दिसतात, आणि ते आणणारे भक्तच असतात. रात्री हे सारे मंडपामागे ओढून काडी लावली जाते. गाळणी नाही, ८५० अंश नाहीत, काही नाही. सकाळी त्याच मंडपात कपाळाला विभूती लावून आपण प्रसादाचे माहात्म्य ऐकतो. शहराच्या भट्टीवर बोट ठेवण्याआधी मंडपामागची ही भट्टी पाहिलेली बरी. पळसाच्या किंवा सुपारीच्या पानाच्या पत्रावळी महाग पडतात, असे कार्यकर्ते सांगतात. पडत असतील. पण ताटे-वाट्यांचा एक संच गावाने मिळून घेतला आणि ताटे घासण्याची सेवा लावून घेतली, तर तो खर्च एकदाच होतो, आणि घासणाऱ्या हातांना कायक मिळते. ज्या गावांत पूर्वी लग्नाला मठाची भांडी नेत असत तेथे ही गोष्ट नवी वाटू नये.

शेजाऱ्याचा विचार मात्र राहिला. ओखल्याच्या भट्टीविरुद्ध सुखदेव विहारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे न्यायालयात दाद मागितली. २०१७ साली हरित न्यायाधिकरणाने भट्टी चालू ठेवू दिली, पण पर्यावरणाच्या हानीपोटी भरपाईही भरायला लावली. त्या रहिवाशांकडे वकील होते, वेळ होता, इंग्रजी होती. कचराभूमीच्या कडेला राहणाऱ्यांकडे यातले काहीच नसते. दासोह म्हणजे आपल्याजवळचे चांगले दुसऱ्याच्या पुढे ठेवणे, आणि ते नम्रपणे ठेवणे. येथे आपण आपल्याजवळचे नको ते दुसऱ्याच्या दारात ठेवतो, आणि तो कोण हे विचारतही नाही. याला काय नाव द्यावे ते वाचकांनीच सुचवावे. आम्हांला सुचलेले नाव छापण्याजोगे नाही.

इतके ऐकूनही एखादी माउली विचारील, 'अहो, देठ कुंडीत घातले, कागद रद्दीला दिला, बाटली वेचणारीला दिली, सुई वेगळी बांधून दिली; पण नातवाने खाल्लेल्या चिप्सच्या पाकिटाचे काय करू?' हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ते पाकीट म्हणजे प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. माती ते घेत नाही. वेचणारीला त्याचे पैसे येत नाहीत, म्हणून तीही ते घेत नाही. थर एकमेकांपासून सुटत नाहीत. फाटकी चप्पल, वापरलेले लंगोट यांचीही गत थोडीफार तीच. अशा वस्तूंसाठी, आणि अशाच वस्तूंसाठी, नीट चालणारी, तपासली जाणारी, आपली राख झाकून ठेवणारी भट्टी असावी, याला आमची ना नाही. तीही लहान असावी.

पण मग 'टाकलेले ते कोणाचे' हा प्रश्न या पाकिटाला विचारला तर उत्तर निम्मेच आपल्या घरात सापडते. माउलीने ते विकत घेतले, हे खरे. पण कधीही न सुटणारे थर एकमेकांना चिकटवण्याचे तिने ठरवले नव्हते. ज्याने ठरवले त्याच्या कारखान्याचे नाव त्या पाकिटावर ठळक छापलेले असते. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी आणि नंतरच्या सुधारणांनी अशा उत्पादकांवर आपली वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी घातली आहे. पुढच्या वेळी ते पाकीट डब्यात टाकण्यापूर्वी उलटे करून एकदा वाचून पाहावे. त्यावर किंमत असते, वजन असते, तारीख असते, तक्रारीसाठी पत्ताही असतो. त्या पत्त्यावर, रिकामे पाकीट आत घालून, आपल्यापैकी किती जणांनी आजवर एखादे पत्र धाडले आहे?